११८ उड्यांचा मास्तर : नवख्याने नवख्याला स्कायडायव्हिंग शिकवावं का?

वाळवंटी पोपट

नमस्कार मंडळी. मी ॲरिझोनात असतो. फिनिक्स आणि टूसॉनच्या मध्ये ईलॉय म्हणून गाव आहे, तिथे शनिवार-रविवार विमानातून उड्या मारतो. (आईला अजून ‘ट्रेकिंगला जातो’ एवढंच माहीत आहे. इथे कुणी ओळखलं तर कृपया तोंडाला कुलूप.) ए लायसन्स झालं, बी झालं, गेल्या महिन्यात कोचचं रेटिंगही मिळालं. आजपर्यंत ११८ उड्या.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी. फेसबुकवर आत्तेभाऊ कुणाच्या तरी पोटाला बांधून घेऊन अंगठा दाखवतो ते टँडम. ती शिकवणी नव्हे, ती सहल. शिकायचं असेल तर एएफएफ. त्यात पहिल्या उडीपासून पॅराशूट तुमच्याच पाठीवर आणि दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरून दोन प्रशिक्षक. साधारण १३,००० फुटांवरून बाहेर पडायचं, मिनिटभर ताशी १९० किलोमीटरने खाली यायचं आणि मग उघडायचं. सात-आठ पायऱ्या पार केल्या की एकट्याने उडायची परवानगी. २५ उड्या आणि ठरलेल्या परीक्षा झाल्या की ए लायसन्स, ५० ला बी, २०० ला सी, ५०० ला डी. कोच व्हायला अमेरिकेच्या संघटनेचा, म्हणजे यूएसपीएचा नियम: बी लायसन्स आणि १०० उड्या.

वाद इथेच आहे. परवा संध्याकाळी पॅकिंग करताना एक म्हातारे गृहस्थ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, शंभर उड्यावाल्याने शिकवायचं म्हणजे तिसरीतल्या पोराने दुसरीचा वर्ग घ्यायचा. मला आधी राग आला, मग वाटलं, बरोबरच आहे की! हातचा घ्यायला दुसरीतलं पोर नेमकं कुठे विसरतं, हे तिसरीतल्यालाच आठवत असतं. प्राध्यापकांना ते कधीच आठवत नाही.

इथल्या विद्यापीठात दोन मराठी मुलं आहेत, एक सांगलीचा, एक नाशिकचा. एकाच्या १४ उड्या, दुसऱ्याच्या १९. त्यांना कोच हवा आहे आणि मीच हवा आहे. सांगलीकराला ‘आर्च’, म्हणजे पडताना शरीराची कमान करणं, काही केल्या जमेना. चार इंग्रजी प्रशिक्षकांनी चार तऱ्हांनी सांगून झालं होतं. मी म्हटलं, अरे, गावचा पाटील पोट पुढे काढून पारावर उभा राहतो तसा राहा. पुढच्या उडीत गडी दगडासारखा स्थिर!

तर माझं म्हणणं असं की नवख्याला नवखाच चांगला शिकवतो. बोला.

जुनं खोड

रेटिंगबद्दल अभिनंदन. दोन प्रश्न आहेत. तुमचं वजन किती, आणि कॅनपी (उघडलेल्या पॅराशूटचा पंख) किती स्क्वेअर फुटांची? बाकीचं नंतर बोलू.

पेठकर

आमचा एकच प्रश्न. विमान चांगलं चालू असताना त्यातून उडी मारायची गरज काय? तिकिटाचे पैसे दिलेत ना? मग बसा की शेवटपर्यंत.

अनुराधा ठाण्याची

पेठकर, ते विमान बघितलंत तर तुम्हीसुद्धा उडी माराल. :)

पोपट, मी तुझ्या बाजूने. इंग्लंडात शिकले, माझ्या ४१ उड्या झाल्यात. इथे बहुतेक जुने लोक मोठ्या मनाचे आहेत, पण त्यांना एक गोष्ट उरलेली नाही: भीती. माझी बारावी उडी असेल. सकाळपासून वारा वाढत होता. विमानात एक तीनशेवाला होता, म्हणाला, हे तर काहीच नाही, आम्ही याहून जास्तीत उतरतो. खरंच उतरत असेल, पण तो ऐंशी किलोचा आणि मी पन्नास किलोची. माझ्या पाठीवर विद्यार्थ्यांची ती तंबूएवढी कॅनपी. वारा वाढला की तो पुढे जातो आणि मी मागे मागे जाते. हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, कारण त्याच्या बाबतीत ते कधी घडलेलंच नव्हतं. मला माहीत होतं, पण बोलायचं धाडस होईना. समोर साठ उड्यांची एक बाई बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मी आज विमानातूनच खाली येणार आहे, तू येतेस सोबत?

आम्ही दोघी विमानातून खाली आलो. आजवर मिळालेला सगळ्यात मोठा धडा तो, आणि तो साठ उड्यांच्या बाईने दिला.

जुनं खोड

अनुराधाताई, गोष्ट आवडली. पण त्या बाईंनी तुम्हाला उडायला शिकवलं नाही, न उडायला शिकवलं. त्यासाठी रेटिंग लागत नाही. ते चार उड्यावाल्यानेही जरूर करावं.

माझं थोडक्यात सांगतो. शिकागोच्या बाजूला असतो, एकवीसशेच्या वर उड्या, त्यातल्या बऱ्याच एएफएफ प्रशिक्षक म्हणून. पोपटराव म्हणतात ते अर्धं मान्य. आर्च, विमानाच्या दारातली स्थिती, हवेतले हाताचे इशारे, हे नवखा छान शिकवतो. कधी कधी माझ्याहून छान. पाटलाचं पोट मी चोरणार आहे.

अडचण वेगळी आहे. ज्या गोष्टीचा चटका बसलेला नाही ती गोष्ट शिकवायची आहे हे नवख्याला सुचतच नाही. कोचने काय करायचं हे नियमात दिलंय: पहिल्या उडीच्या वर्गातला सर्वसाधारण भाग घ्यायचा आणि एकट्याने उडायची परवानगी मिळालेल्या विद्यार्थ्याबरोबर उडायचं, तेही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. ही वेस आहे आणि ती शहाण्या माणसांनी आखलीय. पण विद्यार्थ्याला वेस दिसत नाही. त्याला दिसतो ‘कोच’. तो पॅकिंग करताना विचारतो, दादा, कॅनपी कुठली घेऊ? दादा सांगतो. तो विमानात विचारतो, मी केव्हा निघू? दादा सांगतो.

आणि माझ्या दोन प्रश्नांचं काय झालं?

वाळवंटी पोपट

खोडकाका, मी वेशीबाहेर जात नाही. कॅनपीबद्दल मी कुणाला सल्ला दिलेला नाही. देणारही नाही. विमानातून कधी निघायचं हे मात्र सांगतो, कारण ते सांगायलाच हवं, नाहीतर एकाच्या डोक्यावर दुसरा उघडायचा. पुढचा ग्रुप बाहेर पडला की दारातून त्याच्याकडे बघत राहायचं, तो ४५ अंशांच्या कोनात मागे गेलेला दिसला की आपण निघायचं. सोपं, लक्षात राहण्यासारखं. यात काय चुकलं?

जुनं खोड

सगळंच. :( रागावू नका, पण आता तुमच्याच धाग्यावर तुमचंच उदाहरण सापडलं.

तुम्ही, विमान आणि पुढचा ग्रुप, तिघंही एकाच हवेत आहात. वरच्या थरात वारा जोराचा असला तर तो तिघांनाही सारखाच मागे ढकलतो. त्यामुळे दारातून दिसणारा कोन वारा असो-नसो तसाच राहतो. वाऱ्याने बदलतो तो विमानाचा जमिनीवरचा वेग, आणि दोन ग्रुपमध्ये जमिनीच्या हिशेबाने किती अंतर पडेल हे त्या वेगावर ठरतं. समोरून जोराचा वारा असेल तर विमान जमिनीवरून बैलगाडीसारखं सरकतं. तेव्हा जास्त सेकंद थांबायला हवं, आणि नेमकं तेव्हाच तुमचा कोन म्हणतो, निघा. हिशेब मांडून हे किती वर्षांपूर्वीच खोडून काढलेलं आहे, तरी ४५ अंश काही मरत नाही. का? तर सोपं, लक्षात राहण्यासारखं.

वैमानिकाला किंवा जीपीएसला जमिनीवरचा वेग विचारा, त्यावरून सेकंद ठरवा, मोजा, मग निघा. आधी पोटावर पडणारे मोठे ग्रुप, मग छोटे, मग उभ्याने किंवा डोकं खाली करून पडणारे, मग विद्यार्थी आणि टँडम, हा क्रमही असाच हिशेबातून आलाय.

एक विचारू? ४५ अंश तुम्हाला कोर्समध्ये शिकवला का?

वाळवंटी पोपट

नाही. विमानात शेजारी बसलेल्याने सांगितला होता. माझी तिसावी उडी असेल.

त्याच्या किती उड्या होत्या हे मी विचारलं नव्हतं.

मेजर (निवृत्त)

मी पॅरावाला. आग्र्याला पीटीएसमध्ये, म्हणजे पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये, पंख मिळवले. आमच्याकडे पाच उड्यांमध्ये माणूस पॅराट्रूपर होतो, तेव्हा ११८ हा आकडा ऐकून गंमत वाटली. पण आमची उडी वेगळी. साडेबाराशे फुटांवरून, स्टॅटिक लाइन नावाची दोरी विमानालाच अडकवलेली, तीच छत्री उघडते. जवानाला हवेत विचार करायचं काम शिल्लकच ठेवलेलं नसतं. जो काही विचार करायचा तो जमिनीवर, घाम गळेपर्यंत. नकली विमानाचं दार, मनोऱ्यावरून उडी, पडायचं कसं, लोळायचं कसं.

मुद्दा असा की शिकवणारा वेगळाच माणूस असतो. उडी मारणारी फौज, शिकवणारे हवाई दलाचे पीजेआय, म्हणजे पॅराशूट जंप इन्स्ट्रक्टर. माझ्या मागून उडी मारणारा माझा जोडीदार मला शिकवत नव्हता. त्याने शिकवलं असतं तर त्याच्या चुका घेऊनच मी दारात उभा राहिलो असतो. सिव्हिलमध्ये तुम्ही शिकणारा आणि शिकवणारा यांच्यामध्ये फक्त शंभर उड्यांचं अंतर ठेवलंत, हे मला पटत नाही.

अनुराधा ठाण्याची

मेजरसाहेब, आदर आहेच. पण तुमच्या पद्धतीत शिकणाऱ्याला दारात ‘नाही’ म्हणायची सोय होती का? आमच्याकडे नाही म्हणणं हेच निम्मं शिक्षण. आणि नाही म्हणायला धीर बरोबरीचा माणूस देतो, वरचा माणूस देत नाही.

मेजर (निवृत्त)

ताई, दारात नाही म्हणणाऱ्याला ‘रिफ्यूजल’ म्हणतात आणि त्याची गोष्ट पुढे बरीच लांबते. हे मान्य, तुमची सोय आमच्याकडे नव्हती.

भोसरीकर

उड्यांचे आकडे, रेटिंग, वेस... आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी आयुष्यातली पहिली उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. एप्रिल २००४. हेलिकॉप्टरमधून, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. पुढे २००६ मध्ये दक्षिण ध्रुव, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर. जिद्द असली की होतं सगळं. तुम्ही अमेरिकावाले सेकंद मोजत बसा.

वाळवंटी पोपट

भोसरीकर, त्यांच्यामुळेच मला शाळेत असताना हे वेड लागलं. पण त्यांचं उदाहरण माझ्या बाजूने वापरू नका, मलाच लाज वाटेल. ज्यांच्या नावावर शेकडो उड्या आहेत त्यांची पहिली उडीच फक्त का आठवते आपल्याला?

भोसरीकर

बातमी पहिलीचीच होते ना राव.

कामशेतकर

स्कायडायव्हर नाही, पॅराग्लायडर आहे. कामशेतला अठरा वर्षं उडतोय. तुमची मजा वाटते. पंधरा मिनिटं विमानात बसता, साठ सेकंद पडता, पाच-सात मिनिटं पंखाखाली असता. चर्चा मात्र सगळी त्या साठ सेकंदांची. पाटलाचं पोट, ४५ अंश, इशारे. अरे, पंखाचं काय?

आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिले काही दिवस त्याला डोंगरावर चढवतसुद्धा नाही. सपाट माळावर पंख डोक्यावर घे, धर, खाली ठेव. पुन्हा घे. संध्याकाळपर्यंत हाताची सालं निघतात. कंटाळून पळून जातात काही जण, जाऊ देत. तुमच्याकडे जमिनीवर पंखाशी झटणं असतं का?

आणि खोडकाकांनी दोनदा विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिसत नाही. आमच्याकडे पोरगं पंखाचं माप सांगायला टाळाटाळ करायला लागलं की आम्ही समजून जातो. ;)

जुनं खोड

कामशेतकर, तुमच्या तोंडात साखर पडो. नेमकी दुखरी नस.

पूर्वी लोक पॅराशूट न उघडल्याने मरायचे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त माणसं जायची. मग उपकरणं सुधारली. बिल बूथ यांनी तीन कड्यांची यंत्रणा आणली, तिच्यामुळे बिघडलेलं मुख्य पॅराशूट एका झटक्यात सुटतं. १९९१ मध्ये सायप्रेस नावाची पेटी आली. माणूस बेशुद्ध असो की गोंधळलेला, जमिनीपासून साधारण साडेसातशे फुटांवर तो अजून वेगाने पडतोय असं दिसलं की ती राखीव पॅराशूट उघडते. आता २०२३ चा आकडा बघा, ३६ लाखांवर उड्या आणि १० मृत्यू. गाडी चालवत ड्रॉप झोनला (उड्या मारायच्या तळावर) जाण्याची भीती बाळगा म्हणतात ते उगाच नाही. (तो विनोदही आता जुना झाला.)

पण या थोड्याथोडक्यांत कोण असतात? मोठा हिस्सा त्यांचा, ज्यांचं पॅराशूट अगदी व्यवस्थित उघडलेलं असतं. डोक्यावर धडधाकट पंख, हातात दोऱ्या, आणि शंभर फुटांवर एक वळण. बूथ यांचंच म्हणणं आहे की उपकरण जितकं सुरक्षित करावं तितका माणूस धोका वाढवून हिशेब बरोबरीत आणतो.

वळण घेताना काय होतं ते सांगतो, कारण हा धागा वाचून कुणी शिकायला गेलं तर एवढं तरी घेऊन जावं. एक दोरी ओढली की पंख त्या बाजूला झुकतो आणि नाक खाली घालतो. तुमचं शरीर लंबकासारखं बाहेर फेकलं जातं. उंची धबधब्यासारखी पडते. पंख परत डोक्यावर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जमीन येते. बहुतेक जण मस्ती म्हणून असं करत नाहीत. घाबरून करतात. उतरायच्या जागेत अचानक कुणी आडवं येतं, कुंपण दिसतं, किंवा वाऱ्याला पाठ देऊन उतरतोय हे शेवटच्या क्षणी कळतं आणि हात आपोआप ओढला जातो. वाऱ्याला पाठ देऊन उतरलात तर धूळ चाटाल, गुडघे सोलतील, फार तर मनगट जाईल. शंभर फुटांवर वळलात तर मांडीचं हाड, कंबर, किंवा सगळंच. सायप्रेस तिथे काही करत नाही, कारण तिच्या लेखी तुम्ही सुखरूप पंखाखाली आहात.

म्हणून बी लायसन्सला कॅनपीचा कोर्स सक्तीचा केलाय. पोपटरावांनी तो केला असणारच. पण कामशेतकर म्हणतात तसं माळावर हाताची सालं निघेपर्यंत? नाही. एका दिवसात पाच उड्या आणि कार्डावर सही.

आणि यामुळेच मी वजन आणि कॅनपी विचारली. पंखाखालचा भार म्हणजे सगळा सरंजाम धरून पौंडातलं वजन भागिले पंखाचे स्क्वेअर फूट. एकाच्या आसपास असेल तर पंख चूक पोटात घालतो. जसा आकडा वाढतो तसा पंख वेगाने जातो, वळणात जास्त कोसळतो, आणि उतरताना ओढायला मिळणारा वेळ कमी होतो. जुना ठोकताळा असा: एकापासून सुरुवात, दर शंभर उड्यांमागे एक दशांश वाढ. कायदा नाही, ठोकताळा आहे.

पेठकर

हे सगळं वाचून आमचं मत अधिक पक्कं झालं आहे. तरी वाचतोय. पुढे?

अनुराधा ठाण्याची

या भाराच्या बाबतीत आम्हा हलक्या बायकांचं उलटं दुखणं आहे. भार म्हणून माझा आकडा ०.८ आला तर लगेच सल्ले सुरू: अगं, तू एवढ्या मोठ्या तंबूखाली काय करतेस, लहान घे. पण लहान पंखाच्या दोऱ्याही आखूड. भार तोच असला तरी लहान पंख वळायला चपळ असतो. हे मला कुणी सांगितलं? चारशेवाल्याने नाही, हजारवाल्याने नाही. एका रिगरबाईंनी, राखीव पॅराशूट पुन्हा घडी घालताना. त्या स्वतः वर्षाला वीसेक उड्या मारत असतील.

सांगायचं काय, तर उड्यांचा आकडा म्हणजे ज्ञान नाही. काका, तुम्ही चांगले आहात म्हणून तुम्हाला वाटतं की एकवीसशे उड्यांमुळे चांगले आहात.

जुनं खोड

हे मात्र लागलं. आणि बरोबरही आहे. माझ्याहून जास्त उड्या असलेला, रोज त्याच त्या दहा चुका करणारा एक माणूस मला माहीत आहे. तो अजून चालतो ही त्याच्या अस्थितज्ज्ञाची कृपा.

पण पोपटरावांनी आकडा काही दिला नाही.

एक वाचक

मध्येच विचारतो, माफ करा. भारतात हे कुठे करता येईल? मुलगी मागे लागली आहे, वय १९.

भोसरीकर

हरयाणात नारनौलला आहे, दिल्लीहून जवळ. आधी टँडम करू दे, मग बघा तिचं काय म्हणणं पडतं.

जुनं खोड

आणि पुढे खरंच शिकायचं म्हणाली तर एकाच जागी सलग महिनाभर राहून शिकू दे, वर्षाला चार उड्या अशा हप्त्यांनी नको. दोन उड्यांमध्ये मोठा खंड पडला की हात विसरतात.

कामशेतकर

किंवा कामशेतला पाठवा, पंखाखालची पाच मिनिटं इथे तासभर मिळतात. जाहिरात नाही. बरं, आहे थोडी.

वाळवंटी पोपट

दोन दिवस लिहिलं नाही. कामाचं निमित्त सांगणार होतो, पण ते खरं नाही.

वजन ८४ किलो. सरंजाम साधारण १२. एकूण ९६ किलो, म्हणजे २१२ पौंड. कॅनपी १७०. भागाकार तुम्हीच करा. मी केला, जवळपास १.२५ येतो. ११८ उड्यांना ठोकताळ्याने १.१ च्या थोडं वर चालेल. शिकलो होतो २८० वर, मग २३०, मग १९० च्या मोजून पंधरा उड्या, मग कुणीतरी १७० स्वस्तात विकत होता. दिवस हिवाळ्याचे होते, हवा जड होती, पंख छान उतरवायचा. मला वाटलं जमतंय.

मे महिन्यात एक प्रसंग झाला, तो इथे सांगायचा नव्हता. दुपार, ४२ अंश. ईलॉय आधीच समुद्रसपाटीपासून पंधराशे फुटांवर, त्यात तापलेली विरळ हवा. पंख नेहमीपेक्षा वेगात आला. फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर होतो आणि समोर उतरायच्या मैदानात धुळीची वावटळ उभी राहिली. वाळवंटात दुपारी ती अशी कुठूनही उठते. माझा उजवा हात आपोआप खाली गेला. किती उंची होती माहीत नाही, झाडाएवढी असेल. काकांनी लिहिलंय अगदी तसंच, नाक खाली, मी बाहेर फेकला गेलो. काय वाटलं कुणास ठाऊक, मी दोन्ही दोऱ्या ओढल्या आणि पोटावर आपटून तीसेक फूट घसरत गेलो. ओठ फाटला, गुडघा सुजला. उठून हात वर केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. संध्याकाळी ‘थोडक्यात वाचलो’ची गोष्ट म्हणून ती शेकोटीपाशी सांगितलीसुद्धा, भरपूर हशा मिळाला.

ऐकणाऱ्यांत ती दोन मुलं होती.

कामशेतकर

गुडघा बरा आहे का आता?

वाळवंटी पोपट

जिना उतरताना कुरकुरतो.

काका, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळलं कारण आकडा मला माहीत होता. नवखा नवख्याला चांगला शिकवतो हे माझं मत मी अजून मागे घेत नाही. पाटलाचं पोट कुठल्या एकवीसशेवाल्याला सुचलं नाही. पण मी वर म्हटलं ना, कॅनपीबद्दल मी कुणाला सल्ला दिलेला नाही? काल सांगलीकराचा मेसेज आला. सेकंडहँड कॅनपीचा फोटो, आणि खाली: दादा, सेम तुमच्यासारखीच, १७०, घेऊन टाकू का? त्याच्या १४ उड्या आहेत. वजन माझ्याएवढंच असेल.

मेजर (निवृत्त)

मग काय सांगितलंत?

वाळवंटी पोपट

फोन केला. म्हटलं, घेऊ नको. तो म्हणाला, पण तुमच्याकडे आहे की. त्यावर काय बोलावं सुचेना, म्हणून ओठाला टाके का पडले होते ते पहिल्यांदा नीट सांगितलं, हशा वगळून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मग तुम्ही अजून तीच का वापरता?

अनुराधा ठाण्याची

चौदावाल्याने शिकवलं की रे तुला. माझाच मुद्दा. :)

जुनं खोड

हो, हा तुमचाच मुद्दा. नोंद घेतली.

पोपटराव, १९० घ्या, आणि २१० मिळाली तर ती आधी घ्या. ड्रॉप झोनवर भाड्याने मिळत असेल तर पन्नास उड्या भाड्याच्याच मारा. उन्हाळ्यात दुपारी उतरू नका, सकाळच्या पहिल्या दोन फेऱ्या पुरेत. तुमच्या इथे कॅनपी शिकवणारं कुणी चांगलं येणार असेल तर त्या दोन पोरांनाही घेऊन जा, पण विद्यार्थी म्हणून, तिघंही एका बाकावर. झाडाएवढ्या उंचीवर समोर काही आलं तर दोन्ही दोऱ्या अर्ध्यावर ओढून धरून, मग एक किंचित जास्त ओढून हलकं, सपाट वळण कसं घ्यायचं ते आधी हजार फुटांवर घोटून घ्या, पंचवीस-तीस वेळा.

पेठकर

ट्रेकिंगला गेलेल्या मुलाच्या ओठाला टाके कसे पडतात हे आईला काय सांगितलंत ते कळेल का?

वाळवंटी पोपट

दगडावर घसरलो.

विक्रीस: १७० कॅनपी, १४० उड्या (त्यातल्या ६३ माझ्या), एक डाग ॲरिझोनाच्या मातीचा. ज्यांच्या उड्या तीनशेच्या आत आहेत त्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये. बदल्यात २१० असेल तर आधी सांगा.